ताप डोक्यात गेला, पण नेमका कसा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या २३ वर्षांच्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. तिचा मामेभाऊ चार वर्षांचा असताना ऐन पावसाळ्यात तापाने फणफणला, दोन दिवसांत त्याला झटके येऊ लागले आणि तो बेशुद्ध पडला. जिल्ह्याच्या ठिकाणी बरेच दिवस उपचार झाल्यावर तो वाचला; परंतु आज तेराव्या वर्षी तो दुसरीचे पुस्तक अडखळत वाचतो, अधूनमधून त्याला फिट येते आणि घरात सगळे म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला.’ विषाणूजन्य आजार मेंदूचे काय करतो, यावरच लघुशोधप्रबंध करायचा असे तिने ठरवले आहे. मार्गदर्शक मॅडमनी मात्र हा विषय नाकारून औषधी वनस्पतींच्या अर्काचा जीवाणूंवरील परिणाम तपासण्याचा विषय सुचवला. दरम्यान तिने गूगल फॉर्म पाठवून वर्गमित्रांची पाहणी केली, तेव्हा कोविड होऊन गेलेल्यांपैकी बहुतेकांनी विसरभोळेपणा वाढल्याचे लिहिले. २०२१ मधील आजारानंतर आपल्यालाही वाचलेले लक्षात राहत नाही, असे तिला वाटते. पैसे भरल्यास आठवडाभरात निबंध छापून देण्याची तयारी एका नियतकालिकाने दाखवली आहे. वडील म्हणतात, हे सगळे सोड आणि स्पर्धा परीक्षेला बस. मामी भेटली की विचारते, ‘तुझ्या संशोधनानं आमचं पोर सुधारेल का गं?’ मॅडमचे ऐकून विषय सोडावा, विभागप्रमुखांकडे दाद मागावी, की पाहणीचा निबंध छापून आपले म्हणणे सिद्ध करून दाखवावे, असे तिने विचारले आहे.

प्रिय विद्यार्थिनीस,

तुम्ही ज्याला एक विषय म्हणता, त्यात निदान चार वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मामेभावाला नेमके काय झाले होते, हा पहिला. विषाणूजन्य आजारांमुळे मेंदूला इजा कशी होते, हा दुसरा. कोविडनंतर तुमची स्वतःची स्मरणशक्ती मंदावली आहे का, हा तिसरा. आणि काही महिन्यांच्या लघुशोधप्रबंधात तुम्हाला खरोखर हाताळता येईल असे काय आहे, हा चौथा. पहिल्याचे उत्तर रुग्णालयाच्या कागदपत्रांत शोधायचे असते, तिसऱ्याचे डॉक्टरांकडे. दुसऱ्या प्रश्नावर जगभरातील प्रयोगशाळांमध्ये कित्येक पिढ्या खपल्या आहेत. चौथ्याचे उत्तर मात्र मॅडमसमोर बसूनच काढावे लागेल, आणि मॅडमनी जो नाकारला तो या दुसऱ्या प्रश्नाच्या आकाराचा विषय होता, असा माझा कयास आहे. विषय मोठा म्हणून नाकारणे आणि विषय क्षुल्लक म्हणून नाकारणे यांत पुष्कळ अंतर असते. त्यांनी यांपैकी काय केले, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. तुम्ही ते त्यांना विचारले आहे असेही दिसत नाही.

मामेभावापासून सुरुवात करू, कारण तुमच्या सगळ्या विचाराचा पाया तिथे आहे. त्याचा आजार विषाणूमुळे झाला होता, हे तुम्ही गृहीत धरले आहे. ते खरे असूही शकेल. तुमचा भाग जपानी मेंदूज्वराच्या पट्ट्यातला आहे आणि पावसाळ्यात, भातशेतीच्या दिवसांत लहान मुलाला ताप, झटके आणि बेशुद्धी आली तर कोणाच्याही मनात प्रथम तेच येईल. परंतु ज्याला आपण सरसकट मेंदूज्वर म्हणतो, ती लक्षणांची एक मोट आहे. तिच्यात जपानी मेंदूज्वराचा विषाणू असतो, चांदीपुरा असतो, नागिणीच्या कुळातले विषाणू असतात, तसाच मेंदूचा मलेरिया, क्षयामुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज आणि स्क्रब टायफसही असतो. यांतले शेवटचे तीन विषाणूंमुळे होत नाहीत आणि तिघांवरही औषध आहे.

या बाबतीत उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसराची हकीकत तुमच्यासारख्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट वाचावी अशी आहे. २००५ साली तिथे जपानी मेंदूज्वराची भीषण साथ आली, हजाराहून अधिक बळी गेले आणि पुढच्या वर्षापासून मुलांना लस देण्याची मोठी मोहीम सुरू झाली. लसीमुळे जपानी मेंदूज्वर ओसरला, तरी दर पावसाळ्यात तापाने आणि झटक्यांनी बेजार झालेली मुले रुग्णालयात येतच राहिली. बरीच वर्षे त्यामागे दुसरा एखादा विषाणू असावा, असे मानून शोध चालू होता. शेवटी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) संशोधकांना त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात स्क्रब टायफसची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली. हा रोग गवतात आणि झुडपांत आढळणाऱ्या बारीक किटकांच्या अळ्या चावल्याने पसरतो आणि त्याला कारणीभूत असतो तो जीवाणू. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिनसारखे स्वस्त प्रतिजैविक वेळेवर दिले तर मूल वाचते. म्हणजे विषाणूच्या शोधात गेलेल्या काळात जो खरा शत्रू होता, त्याच्यावरचे औषध गावच्या दवाखान्यात मिळण्यासारखे होते.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. दर उन्हाळ्यात, लिची पिकण्याच्या सुमारास, तिथली मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत आणि त्यांतली कित्येक दगावत. २०१४ च्या हंगामात दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ मुले मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या तपासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की बहुतेक मुलांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली होती. लिचीमध्ये, विशेषतः कच्च्या लिचीत, शरीराची साखर तयार करण्याची यंत्रणा बंद पाडणारी दोन नैसर्गिक विषद्रव्ये असतात, आणि रात्री न जेवता झोपलेल्या कुपोषित मुलांना ती झेपत नव्हती. तिथे विषाणूही नव्हता आणि जीवाणूही.

हे सगळे सांगण्याचा हेतू तुम्हाला नाउमेद करण्याचा नाही. मामीची परवानगी घेऊन मामेभावाची जुनी फाइल एकदा शांतपणे वाचा. पाठीतील पाणी काढून तपासले होते का, जपानी मेंदूज्वराच्या प्रतिपिंडांची चाचणी झाली होती का, डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून नेमके काय लिहिले आहे, हे पाहा. कदाचित तिथे केवळ ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’ एवढेच लिहिलेले असेल आणि कारणाची जागा रिकामी असेल. तसे असेल तर ती रिकामी जागा मनाने भरू नका. २०२४ च्या पावसाळ्यात प्रामुख्याने गुजरातमध्ये जी साथ आली, तिच्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार ऑगस्टच्या मध्यापर्यंत अशा लक्षणांचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू झाले होते. चांदीपुरा विषाणूचे निदान पक्के झाले ते त्यांपैकी ६४ रुग्णांत. बाकीच्यांच्या कारणाबद्दल शास्त्रज्ञांनी अंदाज बांधले असतील, पण ते त्यांनी निदानाच्या रकान्यात घातले नाहीत.

आता दुसरे गृहीतक. विषाणू मेंदूत शिरतो आणि पेशी मारतो, असे चित्र तुमच्या पत्रात गृहीत धरलेले आहे. काही विषाणू खरोखरच असे करतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासाच्या चाव्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोहोचतो, थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागांतील चेतापेशींना बाधा करतो. त्याची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही. सुमारे अडीचशे लागणींमागे एकाला गंभीर आजार होतो, पण तशांपैकी तीस टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांतही अनेकांना झटके, लुळेपणा किंवा बौद्धिक मंदत्व कायमचे राहते. रेबीजचा विषाणू मात्र रक्ताच्या वाटेने जात नाही. तो चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या आतून उलटा प्रवास करीत मेंदू गाठतो, आणि तिथे पोहोचल्यावर रुग्णाचा मृत्यू जवळपास अटळ असला तरी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मोडतोड त्या मानाने थोडीच दिसते. पेशी जागेवर असतात, त्यांचे काम बंद पडलेले असते. गोवराचा विषाणू क्वचित मेंदूत वर्षानुवर्षे दबा धरून बसतो आणि गोवर येऊन गेल्यावर सात-दहा वर्षांनी, घरचे तो विसरूनही गेलेले असताना, मुलाची शाळेतली प्रगती घसरू लागते, अंगाला धक्के बसू लागतात आणि पुढे सगळेच हरपते. हा आजार एसएसपीई या नावाने ओळखला जातो आणि गोवराची लस हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

याहून वेगळा प्रकार म्हणजे विषाणू निघून गेल्यावर आपल्याच रोगप्रतिकारशक्तीने मेंदूवर उलटणे. हर्पिस या नागिणीच्याच कुळातल्या विषाणूमुळे मेंदूज्वर झालेल्या काही रुग्णांची प्रकृती औषधाने सुधारते आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडते. विषाणू परत आला असे वाटते, पण तपासणीत सापडतात ती मेंदूतील ग्राहक-प्रथिनांविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे. अशा वेळी विषाणूविरोधी औषध वाढवून उपयोग नसतो. प्रतिकारशक्ती शांत करणारे उपचार द्यावे लागतात. आणखी एका प्रकारात विषाणू मेंदूच्या आसपासही फिरकत नाही. फुप्फुसात संसर्ग होतो, तिथून निघालेले दाहकारक रासायनिक संदेश रक्तातून जातात आणि मेंदूतील मायक्रोग्लिया या राखणदार पेशी चाळवल्या जातात. कोविडच्या विषाणूची केवळ श्वसनमार्गात सौम्य लागण केलेल्या उंदरांमध्ये हे दिसल्याचा अमेरिकेतील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उंदरांच्या मेंदूत विषाणू सापडला नव्हता. याखेरीज दीर्घकाळ चढलेला ताप, प्राणवायूची कमतरता, रक्ताच्या गुठळ्या, दीर्घ झटके आणि अतिदक्षता विभागातला मुक्काम यांचाही मेंदूवर परिणाम होतो, तो वेगळाच.

आपल्या चांदीपुरा विषाणूचे उदाहरण या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या साथीचा तपास करताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील पूर्वसूरींना, तो रुग्णांच्या रक्तात सापडला. घरांच्या आणि गोठ्यांच्या भेगांत राहणारी सँड फ्लाय नावाची चिमुकली माशी तो पसरवते. बरीच वर्षे त्याच्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले गेले नाही. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली आणि पुण्याच्या संशोधकांनी त्यामागे चांदीपुरा असल्याचे दाखवले. तरीही मुले ज्या वेगाने, कित्येकदा दाखल केल्यापासून २४ तासांच्या आत, दगावत होती, त्यावरून काही बालरोगतज्ज्ञांनी हा मेंदूदाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात असावा, असे मत मांडले. विषाणू हाती लागला होता, तरी तो मेंदूत नेमके काय करतो यावर जाणकारांत वाद होता. तुमचा प्रश्न किती जिवंत आहे, हे यावरून कळेल. आणि ‘विषाणूचा मेंदूवर परिणाम’ एवढेच शीर्षक लिहून आणले तर मॅडम का बिचकतील, हेही.

आता तुमच्या पाहणीविषयी, आणि इथे मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. कोविड झालेल्यांनी विसरभोळेपणा वाढल्याचे सांगितले, म्हणून कोविडमुळे विसरभोळेपणा वाढला, असा निष्कर्ष तुम्ही काढू पाहत आहात. पहिली अडचण तुलनेच्या गटाची आहे. ज्यांनी फॉर्मवर ‘कोविड झाला नाही’ असे लिहिले, त्यांना तो खरोखर झाला नव्हता, हे तुम्हाला कसे कळणार? २०२१ च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने देशभर केलेल्या चौथ्या रक्तपाहणीत ६७.६ टक्के लोकांच्या शरीरात लागण किंवा लस यांमुळे तयार झालेली प्रतिपिंडे आढळली होती, आणि त्यानंतर ओमायक्रॉनची लाट येऊन गेली. दुसरी अडचण अशी की विचारण्याच्या पद्धतीतच उत्तराची सूचना होती. ‘कोविडनंतर विसरायला होते का’ असे विचारल्यावर परीक्षेच्या तोंडावरचा कोणता विद्यार्थी नाही म्हणेल? शिवाय कोविडच्या त्याच दोन वर्षांत टाळेबंदी झाली, झोपेच्या वेळा कोलमडल्या, अभ्यास मोबाइलवर आला आणि काहींच्या घरची माणसे गेली. यांपैकी प्रत्येक गोष्ट एकाग्रता कमी करू शकते.

सर्वांत मोठी उणीव मात्र ‘आधी’च्या नोंदीची आहे. पावसाळ्यानंतर भिंतीला दिसलेली ओल याच वर्षीची आहे की जुनीच, हे सांगायला पावसाळ्याआधी भिंत कशी होती ते माहीत असावे लागते. इंग्लंडमधील ज्या अभ्यासाचा तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केला आहे, त्याचे वजन नेमके या ठिकाणी आहे. यूके बायोबँक या लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या ब्रिटिश प्रकल्पात ५१ ते ८१ वयोगटातील ७८५ जणांच्या मेंदूचे स्कॅन दोनदा झाले. त्यांतल्या ४०१ जणांना दोन स्कॅनच्या मधल्या काळात कोविड झाला आणि ३८४ जणांना तो झाल्याचे आढळले नाही. कोविड झालेल्यांच्या मेंदूत, विशेषतः गंधाशी संबंधित भागांत, करड्या द्रव्याची घट थोडी अधिक दिसली; हा फरक साधारण ०.२ ते २ टक्क्यांचा होता. पहिला स्कॅन आजारापूर्वीचा होता म्हणूनच हे म्हणता आले. तेवढ्यानेही पन्नाशीपुढच्या ब्रिटिश माणसांविषयीचा सरासरी निष्कर्ष २३ वर्षांच्या विदर्भकन्येला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरा नमुना मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण झिजवणाऱ्या आजाराचा आहे. एप्स्टीन-बार विषाणूशी या आजाराचा संबंध असावा, असा संशय फार जुना. पण जवळपास प्रत्येक प्रौढाला तो विषाणू केव्हातरी लागलेला असल्याने काहीच सिद्ध होईना. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जवानांचे रक्तनमुने वीस वर्षे नियमितपणे साठवले गेले होते. त्यांचा वापर करून संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की विषाणूची लागण आधी होते, मेंदूतील इजेच्या खुणा रक्तात त्यानंतर उमटू लागतात आणि लागणीनंतर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. त्या कोटीभर लोकांत हा आजार झाला तो ९५५ जणांना, म्हणजे लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच झाले नाही. उलट दिशेचे उदाहरण हवे असेल तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात पसरलेल्या, मेंदूला सूज आणून रुग्णाला गुंगीत टाकणाऱ्या निद्रारोगाचे पाहा. व्हिएन्नातील फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले, पाठोपाठ १९१८ चा इन्फ्लुएंझा आला आणि दोन्हींचा संबंध अनेकांनी जोडला. शंभर वर्षे उलटली तरी तो सिद्ध झालेला नाही.

म्हणून पाहणीचा निबंध छापू नका, निदान आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात तर नाहीच. शिवाय तुम्ही मित्रमैत्रिणींच्या आजारपणाची माहिती नावानिशी गोळा केली आहे आणि त्यासाठी नीतिसमितीची परवानगी घेतलेली दिसत नाही. माणसांवरील संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि प्रश्नावलीसुद्धा त्यांच्या कक्षेत येते. पैसे घेऊन आठवडाभरात निबंध छापणाऱ्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एवढ्या अवधीत त्याची जाणकारांकडून तपासणी होऊ शकत नाही. आणि पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत कोणी तो निबंध समोर ठेवून दोन प्रश्न विचारले, तर तुमच्या बाजूने उभे राहायला तिथे नियतकालिक येणार नाही.

मग करण्याजोगे काय आहे? विभागप्रमुखांकडे जाण्याचा पर्याय मी बाजूला ठेवतो. त्यामुळे विषय मिळेल कदाचित, पण मार्गदर्शक हातच्या जातील, आणि लहान महाविद्यालयात ही किंमत जबर असते.

रुग्णालयातील मुलांचा अभ्यास हा मनाला सर्वांत जवळचा पर्याय आहे. मेंदूज्वरातून वाचलेली मुले घरी गेल्यावर त्यांचे पुढे काय होते, किती शाळेत टिकतात, कितींचे झटके औषधाने आटोक्यात राहतात, याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, आणि या विषयाला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. परंतु त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागाचा सहभाग, नीतिसमितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती लागते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे सारे जमवेपर्यंत सत्र संपून जाईल. एमबीबीएस किंवा बीडीएसच्या वाचकांना मात्र मी हाच मार्ग सुचवीन. त्यांच्यासाठी आयसीएमआरची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती आहे आणि दोन महिन्यांत जुन्या केसपेपरांवर आधारित नेटका अभ्यास होऊ शकतो.

प्रत्यक्ष विषाणू वाढवून प्रयोग करण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. मेंदूज्वराच्या विषाणूंवर काम करायला उच्च दर्जाची जैवसुरक्षा असलेली प्रयोगशाळा लागते आणि ती महाविद्यालयात नसते, असूही नये. मात्र पॉली आय-सी नावाचे एक कृत्रिम द्रव्य आहे, जे विषाणूच्या जनुकीय द्रव्यासारखे दिसते पण संसर्ग करीत नाही. ते दिल्यावर मायक्रोग्लिया पेशी विषाणू आल्याप्रमाणे वागू लागतात. पेशीसंवर्धनाची सोय असलेल्या संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने मिळाले तर अशा प्रयोगाची ओळख होईल. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात आणि तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस भरावे लागतात. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात जपानी मेंदूज्वर आणि मायक्रोग्लिया यांवर दीर्घकाळ काम झाले आहे, बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूविकारांचा वैद्यकीय अनुभव आणि मेंदूच्या नमुन्यांचा संग्रह आहे, आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तर तुमच्याच राज्यात आहे. अर्ज करताना ‘मला मेंदूत रस आहे’ असे न लिहिता त्या शास्त्रज्ञाचे दोन निबंध वाचून त्यांविषयीचा एक प्रश्न लिहा. उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

तुमच्या सध्याच्या परिस्थितीत मला सर्वांत व्यवहार्य वाटतो तो संगणकावरचा अभ्यास. बाधित उंदरांच्या मेंदूतील कोणती जनुके केव्हा जागी झाली, याची प्रयोगांत मिळालेली कच्ची माहिती संशोधक ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’सारख्या खुल्या भांडारांत जमा करतात, ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. जपानी मेंदूज्वराविषयीचे संचही तिथे आहेत. एक साधा संगणक, आर ही मोफत संगणकभाषा आणि संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांची मदत एवढ्यावर काम उभे राहते. त्यातही प्रश्न बारीक करा. उदाहरणार्थ, मायक्रोग्लियांची दाहकारक जनुके वाढणे आणि चेतापेशींमधील जोडण्यांची जनुके घटणे यांतले आधी काय घडते? या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही एकाच वेळी’ किंवा ‘काहीच ठरवता येत नाही’ असेही येऊ शकते, आणि तसे आले तरी प्रबंध पूर्ण होतो. तुमच्या आजच्या विषयात ती सोय नाही. तिथे उत्तर ‘नाही’ आले तर तुम्हाला ते मामेभावाशी केलेला दगाफटका वाटेल. मला यातली खरी धोक्याची जागा हीच दिसते.

मॅडमनी सुचवलेल्या वनस्पतींच्या अर्काच्या विषयालाही नाके मुरडू नका. असे प्रबंध ढिगाने होतात हे खरे आहे, पण निर्जंतुक काम, नियंत्रण गट, प्रयोगाची पुनरावृत्ती आणि नोंदवही यांची शिस्त त्यातूनच हाताला लागते. संगणकाचा विषय त्यांनी मान्य केला नाही तर अर्काचाच प्रबंध उत्तम करा आणि मेंदूचा विषय पीएच.डी.साठी ठेवा, सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेच्या तयारीत तो वाचत राहाल. नेट हीही स्पर्धा परीक्षाच असून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर दरमहा पैसे मिळतात, ही माहिती वडिलांपर्यंत पोहोचली आहे का, तेही पाहा. त्यांचा विरोध विज्ञानाला असण्यापेक्षा अनिश्चिततेला असण्याचा संभव अधिक वाटतो.

तुमच्या स्वतःच्या विसरण्याविषयी : ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. कोविडनंतर काही जणांना दीर्घकाळ असा त्रास होतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. परंतु हिमोग्लोबिन, ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या साध्या तपासण्या केल्याशिवाय त्याचा दोष विषाणूवर टाकू नका. आपल्याकडे तरुण मुलींत या कमतरता सर्रास आढळतात आणि गोळ्यांनी भरून निघतात. झोप किती मिळते आणि मन किती दिवस उदास आहे, हेही डॉक्टरांना सांगा. आपण ज्या त्रासाचे रुग्ण आहोत त्याच्यावर संशोधन करण्यास हरकत नाही, पण निदान मात्र दुसऱ्याच्या हाती असावे.

राहिला मामीचा प्रश्न. त्याला खरे उत्तर द्या : तुमच्या प्रबंधाने तिचा मुलगा सुधारणार नाही. मात्र त्याच्यासाठी आजही बरेच काही करता येते आणि ते बहुधा राहून गेले आहे. फिट येत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी, कारण चौथ्या वर्षी ठरलेली मात्रा वाढत्या वजनाच्या मुलाला पुरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत तपासणी होते. तिथे त्याचे ऐकणे, पाहणे आणि आकलन नीट मोजून घ्यावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर शाळेत आणि परीक्षेत सवलती मिळतात. घरात किंवा शेजारी तान्हे बाळ असेल, तर जपानी मेंदूज्वराच्या लसीचे दोन्ही डोस, नवव्या महिन्यानंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, झाले आहेत की नाहीत ते लसीकरणाच्या कार्डावर पाहा.

या आठवड्यात मॅडमकडे जाताना एकच पान लिहून न्या. वर एका वाक्यात प्रश्न, खाली माहितीचा संच कोणता, कोणत्या आज्ञावलीने तपासणार, कोणत्या महिन्यात काय पूर्ण होणार आणि उत्तर नकारार्थी आले तर प्रबंधात काय लिहिणार. त्या हरकती घेतील त्या त्याच पानावर त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि सुधारलेले पान दोन दिवसांत परत द्या. पाहणीच्या फाइलमधील नावांचा आणि फोन नंबरांचा रकाना त्याआधी पुसून टाका, आणि ज्यांनी फॉर्म भरला त्यांना तसे कळवा.